अडकलेला स्क्रू, गेलेले आटे

तिरंदाजांची पत्रं या सदराकडे येतात तेव्हा त्यांत नेमाबद्दल अवाक्षर नसतं. असतो तो तुटलेला स्क्रू. बरोबरच आहे, नेम मी शिकवत नाही. टूलरूममध्ये नोकरी केली, आणि आता सराव मैदानावरची धनुष्यं उघडायची, पुसायची, जुळवायची, हे काम माझ्याकडे असतं. या वेळी आलेल्या पत्रांपैकी पहिल्याला मी जास्त जागा देतोय, कारण त्यात जे घडलंय ते सगळ्यांकडे घडतं, आणि तिथून पुढे बहुतेक जण रायझर, म्हणजे धनुष्याचा मधला मुठीचा भाग, स्वतःच्या हाताने खराब करतात.

प्रश्न : माझा रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेल्या) धनुष्याचा ॲल्युमिनियमचा रायझर आहे. साइटचा, म्हणजे नेम धरायच्या जोडणीचा, ब्लॉक तीन-चार वर्षं एकाच जागी होता. नवीन साइट लावायची म्हणून काढायला गेलो. खालचा स्क्रू निघाला, वरचा हलेना. ॲलन कीला पाइप लावून जोर दिला, तर डोकं तुटून हातात आलं. उरलेला तुकडा भोकात साधारण एक मिलिमीटर आत आहे. भोकाभोवती पांढरी पूड दिसते. मित्राने स्क्रू एक्स्ट्रॅक्टर (तुटका स्क्रू फिरवून काढायचं हत्यार) दिलाय. तुकड्यात भोक पाडून तो ठोकू का?

उत्तर : नको. एक्स्ट्रॅक्टर मित्राला परत करा.

कारण सांगतो. तुमचा स्क्रू पूर्ण जाडीचा होता तेव्हा पाइपच्या जोराने तो फिरला नाही, तुटला. म्हणजे आट्यांमधली पकड स्क्रूच्या ताकदीपेक्षा जास्त आहे. आता त्याच तुकड्यात तुम्ही अडीच मिलिमीटरचं भोक पाडणार आणि तेवढ्याच जाडीच्या दांडीने तो फिरवणार. व्यास दोन तृतीयांश झाला की पीळ सोसायची ताकद तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली येते. एक्स्ट्रॅक्टरचं पोलाद स्क्रूपेक्षा कडक असतं हे कबूल, पण ते ठिसूळही असतं. शिवाय तो निमुळता असतो. जितका आत घुसेल तितका पोकळ झालेला तुकडा बाहेरच्या बाजूला फुगवतो आणि आटे आणखी घट्ट आवळतो. मग एक दिवस ‘टक्’ असा आवाज येतो. त्यानंतर भोकात जे उरतं त्यावर साधं एचएसएस (हाय स्पीड स्टीलचं) ड्रिल नुसतं घसरतं. ते काढायला कार्बाइडचं हत्यार लागतं, नाहीतर विजेच्या ठिणगीने धातू झिजवणारा स्पार्क मशीनवाला शोधावा लागतो. जो तुकडा सैल असतो तो एक्स्ट्रॅक्टरने सहज निघतो, पण तो एक्स्ट्रॅक्टरशिवायही निघतो. मोठ्या बोल्टांची गोष्ट वेगळी. पाच मिलिमीटरच्या आतल्या स्क्रूला मी तो लावत नाही.

पांढरी पूड म्हणजे ॲल्युमिनियमचा गंज. स्क्रू पोलादाचा, रायझर ॲल्युमिनियमचा, मध्ये घाम आणि पावसाचं पाणी. दोन वेगळे धातू ओलाव्यात एकमेकांना टेकले की त्यातला एक झिजतो, आणि इथे झिजतं ते ॲल्युमिनियम. झिजून तयार झालेली पूड मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, म्हणून आटे ठासून भरतात. स्टेनलेसचा स्क्रू असला तरी यातून सुटका नाही. स्क्रू गंजत नाही एवढंच. रायझर गंजतो.

तर आधी ती पूड फोडायची. लिंब (रायझरला जोडलेले, वाकणारे दोन हात), स्ट्रिंग, प्लंजर (बाणाला बाजूने टेकणारी स्प्रिंगची खुंटी), रेस्ट, क्लिकर, सगळं उतरवा, नुसता रायझर हातात ठेवा. हेअर ड्रायरने किंवा हीट गनने भोकाभोवतीचा भाग तापवा, इतका की बोट टेकवून ठेवता येऊ नये. तिथेच थांबा. ॲल्युमिनियम तापून स्टेनलेसपेक्षा जास्त फुगतं. एका अंशाला दर दहा लाखांत साधारण २३ भाग विरुद्ध १७. पाच मिलिमीटरच्या भोकात साठ अंशांच्या वाढीने जी फट पडते ती जेमतेम दोन मायक्रॉनची. साधं पोलाद असेल तर तीनच्या थोडी वर. ऐकायला हास्यास्पद वाटतं, पण गंजाची पकड मोडायला तेवढं पुरतं. कोमट झाल्यावर त्यात गंज सोडवणारं पातळ तेल सोडा, थंड होऊ द्या, रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी तेल पुसून पुन्हा तसंच. तेल ओलं असताना हीट गन लावू नका, ते पेट घेतं. गॅसचा बर्नर तर रायझरजवळ आणूच नका. रायझरचं ॲल्युमिनियम ठरावीक तापमानाला पिकवून कडक केलेलं असतं. दीडशे अंश सेल्सिअसच्या वर गेलं की ती कमाई उतरायला लागते, आणि बाहेरून काही दिसत नाही. कार्बनच्या रायझरला हा उपाय अजिबात करू नका, तिथे धातूच्या बुशा (आतून आटे असलेल्या नळ्या) चिकटवलेल्या असतात.

आता मापं घ्या. खालचा स्क्रू सुखरूप निघालाय हे तुमचं नशीब. त्याची लांबी व्हर्नियरने मोजा, तुटलेल्या डोक्याच्या तुकड्याची मोजा, वजाबाकी करा. भोकात किती स्क्रू उरलाय ते कळलं. खालच्या भोकाची खोली व्हर्नियरच्या दांडीने मोजा, वरचंही बहुधा तेवढंच असतं. ही दोन मापं कागदावर लिहिल्याशिवाय ड्रिलला हात लावायचा नाही.

मग येतो खरा प्रश्न. पोलाद कठीण, भोवतीचं ॲल्युमिनियम मऊ. ड्रिलला मऊ वाट मिळाली की ते तिकडेच पळतं. तुटलेला पृष्ठभाग वाकडातिकडा असतो, त्यामुळे हातातल्या मशीनने सुरुवात केली तर पहिल्या काही फेऱ्यांतच टोक कडेला सरकतं आणि आटे खातं. स्क्रू निघतो, पण भोक अंडाकृती होऊन. माझ्याकडे येणाऱ्या रायझरांमध्ये तुटलेल्या स्क्रूने केलेलं नुकसान थोडं असतं आणि ते काढायला गेलेल्या ड्रिलने केलेलं फार. म्हणून माझा सगळा वेळ ड्रिल मधोमध कसं राहील यावर जातो, भोक पाडणं हे त्यातलं शेवटचं आणि सोपं काम.

तुकडा खोल असता तर मी त्याच आट्यांचा एक बोल्ट घेऊन लेथवर त्याच्या मधोमध आरपार भोक पाडलं असतं, तो बोल्ट वरच्या रिकाम्या आट्यांत बसवला असता आणि ड्रिल त्यातूनच घातलं असतं. मार्ग आपोआप सरळ. तुमच्याकडे वर जेमतेम एक आटा मोकळा आहे, बोल्ट धरणार नाही. पण खालचं भोक शाबूत आहे, त्याचा उपयोग करा. सात-आठ मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी घ्या. तिच्यात दोन भोकं पाडायची : एक खालच्या स्क्रूसाठी, दुसरं अडीच मिलिमीटरचं, वरच्या भोकाच्या बरोबर केंद्रावर. साइटच्या दोन भोकांमधलं प्रचलित अंतर १ पूर्णांक ५/१६ इंच, म्हणजे ३३.३ मिलिमीटर असतं, तरी आपल्या रायझरवर मोजूनच घ्या. खालचा स्क्रू पट्टीत सैल नको, घसटून जायला हवा. पट्टी आवळा, मिलिमीटरभर इकडेतिकडे फिरत नाही ना ते पाहा, वरच्या भोकातून टॉर्चने डोकावून तुकडा मध्ये दिसतो ना ते पाहा. नाहीतर थेट मिलिंग मशीनवाल्याकडे जा. तो खालच्या-वरच्या भोकावरून केंद्र पकडेल, छोट्या कार्बाइड कटरने तुटका पृष्ठभाग सपाट करेल आणि मग ड्रिल लावेल. खरं सांगायचं तर माझी पहिली पसंती हीच. जाताना ती दोन मापं घेऊन जा. ‘किती खोल जाऊ?’ हा त्याचा पहिला प्रश्न असेल.

ड्रिल डाव्या फिरकीचं मागा. ते उलट्या दिशेला फिरून कापतं, म्हणजे कापताना जो जोर येतो तो स्क्रू सोडवण्याच्या दिशेचा. आधी अडीच मिलिमीटर, मग तीन-सव्वातीन. तेल-उष्णतेने पकड ढिली झाली असेल तर बऱ्याचदा दुसऱ्या ड्रिललाच तुकडा गरगर फिरत वर येतो. आवाज बदलतो, कळतंच. कापताना कटिंग ऑइल हवं आणि दाब सतत हवा. स्टेनलेसवर ड्रिल नुसतं घासू दिलं तर ती जागा तिथल्या तिथे कडक होते आणि पुढे काही जात नाही. घाबरत घाबरत टेकवणारे इथेच अडकतात. ड्रिलवर खोलीची खूण म्हणून चिकटपट्टी गुंडाळा. बाहेर येणारा कीस बघत राहा. मऊ, चंदेरी, चुरगळणारा कीस दिसला की तुम्ही ॲल्युमिनियममध्ये शिरलात. थांबा, केंद्र तपासा.

तरीही नाही निघाला तर ३.८ मिलिमीटरपर्यंत जायचं, त्यापुढे नाही. साइटच्या स्क्रूचे आटे १०-२४ (१० नंबरचा स्क्रू, इंचाला २४ आटे) असतात, आणि त्या आट्यांसाठी मुळात भोक ३.८ चंच पाडलेलं असतं. केंद्र बरोबर साधलं असेल तर आता स्क्रूचा गाभा गेला, उरली ती आट्यांत अडकलेली पातळ वळी. अणकुचीदार स्क्राइबरने तिचं टोक उचकटा, चिमट्याने धरा, ओढत बाहेर काढा. तार निघाल्यासारखी निघते. या क्षणाचं समाधान मी शब्दांत सांगत बसत नाही, तुम्हाला मिळेलच. शेवटी १०-२४ चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) हाताने, रॉकेलचे दोन थेंब टाकून, हलकेच फिरवून आटे साफ करा.

नवा स्क्रू कोरडा लावू नका. आट्यांवर निळं थ्रेडलॉकर (आटे धरून ठेवणारं चिकट द्रव्य) एक थेंब. ते ओलावा आत जाऊ देत नाही आणि बाण सुटतानाच्या धक्क्यांनी स्क्रू सैलही होत नाही. साध्या ॲलन कीने नंतर सुटतं. लाल थ्रेडलॉकर रायझरवर कुठेही नको. ते मऊ करायला अडीचशे अंशांच्या आसपास तापवावं लागतं, आणि तेवढं तापवायचं नाही हे वर सांगितलंच आहे. वर्षातून एकदा दोन्ही स्क्रू काढा, पुसा, परत लावा.

प्रश्न : मी प्रशिक्षक आहे. आमच्या सामायिक रायझरवर साइटचा एक स्क्रू हरवला होता. कुणीतरी पेटीतला तसाच दिसणारा स्क्रू बसवला. आता मूळ मापाचा स्क्रू त्या भोकात नुसता गोल फिरतो. काहींचं म्हणणं, एम ६ चा, म्हणजे सहा मिलिमीटरच्या मेट्रिक स्क्रूचा, टॅप मारा. काही म्हणतात, इपॉक्सी भरून पुन्हा आटे पाडा.

उत्तर : तो ‘तसाच दिसणारा’ स्क्रू एम ५ होता, यावर मी पैज लावायला तयार आहे. १०-२४ चा बाहेरचा व्यास ४.८३ मिलिमीटर, एम ५ चा ५. डोळ्याला फरक दिसत नाही. गंमत म्हणजे १०-२४ च्या स्क्रूची की ५/३२ इंचाची, आणि एम ५ ची ४ मिलिमीटरची. चार मिलिमीटरची की दोघांनाही बसते, त्यामुळे हातालाही शंका येत नाही. पण १०-२४ ला एका इंचात २४ आटे, म्हणजे दोन आट्यांतलं अंतर १.०६ मिलिमीटर. एम ५ चं ०.८. चार फेऱ्यांत एका अख्ख्या आट्याचा फरक पडतो. पहिला फेरा बोटांनी गेला, दुसऱ्याला घट्ट झाला, तिसऱ्याला कुणीतरी ‘बसतोय, बसतोय’ म्हणत की फिरवली, आणि पोलादाने ॲल्युमिनियम सोलून काढलं. संशय आला की दोन स्क्रूंचे आटे एकमेकांत रुतवून उजेडाकडे धरायचे. फट दिसली तर जोडी जमत नाही.

आता टॉर्च घेऊन भोकात बघा. किती आटे गेलेत? बऱ्याचदा तोंडाकडचे तीन-चारच जातात आणि आतले नवेकोरे असतात. ॲल्युमिनियममध्ये स्क्रूच्या व्यासाच्या दीडपट लांबीची पकड मिळाली तर मी निश्चिंत असतो. १०-२४ साठी ती साधारण सात मिलिमीटर. आत तेवढे चांगले आटे उरले असतील तर लांब स्क्रू लावा, विषय संपला. फक्त तो भोकाच्या बुडाला टेकता कामा नये. टेकला तर ब्लॉक सैलच राहतो, तुम्हाला वाटतं स्क्रू आवळला गेला, आणि पुढच्या जोराला तो तुटतो. मग तुम्हाला वरच्या पत्रलेखकाच्या रांगेत उभं राहावं लागेल.

सगळेच आटे गेले असतील तर एम ६ नको. त्या भोकात एम ६ चा स्क्रू बसेल, पण बाजारातल्या साइटच्या ब्लॉकचं भोक १०-२४ साठीचं असतं. उद्या साइट बदलली की प्रत्येक ब्लॉक कानशीने मोठा करत बसा. सामायिक रायझरवर तर हा उपद्व्याप सगळ्यांच्या डोक्याला ताप. इपॉक्सीबद्दल माझं मत त्याहून वाईट आहे. टेबलावर ती छान धरते. मैदानावर प्रत्येक बाणागणिक तिला धक्का बसतो, आत बारीक तडे जातात, ब्लॉक केसभर हलायला लागतो. मुलगा बिचारा आठवडाभर स्वतःचा हात, खांदा, अँकर (स्ट्रिंग ओढून हात चेहऱ्याला टेकवायची जागा) तपासत बसतो, आणि दोष असतो स्क्रूच्या भोकात.

उपाय हेलिकॉइल. स्टेनलेसच्या तारेची, शंकरपाळ्यासारख्या छेदाची गुंडाळी असते ती. भोक मोठं करून त्यात खास टॅपने आटे पाडायचे, गुंडाळी त्यात फिरवून बसवायची, आणि तिच्या आतल्या बाजूला पुन्हा मूळ मापाचे १०-२४ चे आटे तयार मिळतात. संच घेताना त्यावर १०-२४ च लिहिलेलं बघा. त्यातला टॅप दिसायला मोठा असतो, तो चुकीचा नाही, गुंडाळीची जागा धरून केलेला असतो.

एक गोष्ट आधी तपासा. हा टॅप मारल्यावर भोकाचा बाहेरचा व्यास सव्वासहा मिलिमीटरच्या जवळ जातो. भोकापासून रायझरच्या कडेपर्यंत, आणि मागे पोकळ कापलेली नक्षी असेल तर तिच्यापर्यंत, किती धातू उरतो? दोन मिलिमीटरपेक्षा कमी उरत असेल तर मी हात लावत नाही.

भोक ५.२ मिलिमीटरचं करायचं, ड्रिल प्रेसवर. रायझर कुठेच सरळ नसतो, त्यामुळे त्याला व्हाइसमध्ये सरळ बसवणं हेच अर्ध्या तासाचं काम. जबड्यांना लाकडाच्या पट्ट्या लावा, खाली लाकडाच्या पाचरी द्या, आणि साइट जिथे टेकते तो सपाट पृष्ठभाग ड्रिलशी काटकोनात आहे हे गुण्याने पाहा, दोन्ही दिशांनी. पृष्ठभागावर मास्किंग टेप लावा, नाहीतर कीस फिरून रंगावर वर्तुळं उमटतात. टॅप हातानेच. रॉकेल लावून अर्धा फेरा पुढे, पाव मागे. मागे फिरवताना कीस तुटल्याचं बोटांना जाणवतं. बंद भोक असल्याने मधूनमधून टॅप पूर्ण बाहेर काढून कीस झटका. कीस तळाशी दाबला गेला की टॅप तुटतो, आणि तुटलेला टॅप तुटलेल्या स्क्रूपेक्षा कितीतरी वाईट.

गुंडाळी बसवताना तिचं वरचं टोक पृष्ठभागाच्या अर्धा आटा खाली जाऊ द्या. वर डोकावलं तर ब्लॉक सपाट बसत नाही. तळाशी तिला आडवी शेपटी असते, ती बारीक पंचने एका टोल्यात तोडायची आणि भोकातून आठवणीने बाहेर काढायची. ही शेपटी आत विसरणारे पुष्कळ आहेत. मग स्क्रू अर्ध्यावर अडतो आणि पुन्हा जोर सुरू.

दुरुस्त केलेलं भोक मूळ भोकापेक्षा टिकाऊ असतं. भार मोठ्या व्यासावर पसरतो आणि झिजायला आता ॲल्युमिनियम समोर नसतं. सामायिक रायझरांवर स्क्रू सतत काढले-लावले जातात, तिथे चांगल्या अवस्थेतल्या भोकांनाही मी कधीकधी आधीच हेलिकॉइल बसवतो. आणि पेटीतले एम ५ वेगळ्या डबीत ठेवा, कृपा करून.

प्रश्न : धनुष्य स्टँडवरून पडलं आणि लांब स्टॅबिलायझरचा (धनुष्य स्थिर ठेवणाऱ्या पुढच्या दांडीचा) आटेवाला दांडा रायझरच्या बुशमध्ये तुटला. बाहेर काहीच आलेलं नाही. ड्रिलने काढून देणारा माणूस मिळालाय.

उत्तर : त्याला दोन दिवस थांबवा. तुमचा दांडा अडकून तुटलेला नाही, वाकून तुटलाय. आटे आवळलेले राहतात ते दांड्यातल्या ताणामुळे, आणि दांडा तुटला त्या क्षणी तो ताण संपला. आतला तुकडा बहुधा सैल आहे. तेलाचा थेंब टाका. स्क्राइबरचं किंवा बारीक छिन्नीचं टोक तुटक्या पृष्ठभागावर मधल्यापेक्षा कडेला टेकवा आणि घड्याळाच्या उलट दिशेने हलके हलके टिचका. दोन-चार टिचक्यांत तो फिरलेला दिसेल. एकदा फिरला की बोटाच्या दाबाने वर येतो. वर आल्यावर पक्कड. नाहीच फिरला तर छोट्या ग्राइंडरच्या चकतीने त्यात खाच पाडून पेचकस लावता येतो, फक्त चकती बुशच्या कडेला लागू देऊ नका.

टिचकताना तुकड्याऐवजी अख्खी बुशच फिरत असेल तर लगेच थांबा. ती मग बाहेर काढून नव्याने चिकटवावी लागेल, आणि ते त्या रायझरची रचना माहीत असलेल्यानेच करावं.

मला चिंता दांड्याची नाही, पडण्याची आहे. लांब दांड्याच्या टोकाला धक्का बसला म्हणजे बुशपाशी मोठी तरफ लागली. बुशभोवतीचा भाग स्वच्छ पुसा, पातळ तेल लावा, पुन्हा कोरडा पुसा आणि पाच मिनिटांनी उजेडात तिरपं धरून बघा. तडा असेल तर त्यातून तेलाची केसासारखी रेघ पाझरते. रेघ दिसली तर त्या रायझरवर लिंब चढवायचे नाहीत. नाही दिसली तरी लिंब चढवून स्ट्रिंग मधोमध येते का ते पाहा आणि मगच बाण लावा.

नवा दांडा ५/१६-२४ चा घ्या. एम ८ आणून देणारा भेटेल. व्यास ७.९४ आणि ८, म्हणजे पुन्हा तीच फसवणूक.

प्रश्न : घड्याळ दुरुस्त करणारे तुटलेला स्क्रू तुरटीच्या पाण्यात विरघळवतात असं ऐकलं. रायझरला चालेल?

उत्तर : घड्याळवाले करतात, खरं आहे. पितळी पट्टीत तुटलेला पोलादी स्क्रू तुरटीच्या गरम द्रावणात हळूहळू खाल्ला जातो आणि पितळ शाबूत राहतं. पण ती पट्टी नखाएवढी असते आणि तिच्यावरचे इतर सगळे पोलादी भाग आधी काढून घेतलेले असतात. तुमच्या रायझरमध्ये पोलादी बुशा आहेत, वर रंगीत ॲनोडायझिंगचा थर आहे, आणि स्क्रू स्टेनलेसचा असेल तर तुरटी त्याचं फारसं काही बिघडवत नाही. गरम आम्लधर्मी पाण्यात रायझर बुडवून जे विरघळेल ते तुम्हाला हवं असलेलंच असेल. नको.

प्रश्न : कंपाउंड (कप्प्या-केबलवाल्या) धनुष्याचा लिंब बोल्ट फिरत नाही, ॲलन की आत गोल फिरते. ड्रिल करून काढू?

उत्तर : अजिबात नाही, आणि दुसऱ्या बाजूचा बोल्टही सैल करू नका. कंपाउंड न ओढताही त्याचे लिंब ताणलेलेच असतात, आणि तो सगळा ताण या बोल्टांवर तोललेला असतो. बोल्टाचं डोकं ड्रिलने कमजोर केलंत तर तो केव्हा सुटेल ते सांगता येत नाही, आणि सुटेल तेव्हा तुमचा चेहरा समोर असेल. बो प्रेसवर (लिंब दाबून धरणाऱ्या यंत्रावर) चढवून, लिंबांचा ताण उतरवून, केबल काढूनच या बोल्टाला हात लावतात. ज्याच्याकडे प्रेस आहे अशा तंत्रज्ञाकडे द्या. तोवर ते धनुष्य ओढू नका.

प्रश्न : प्लंजरचा बारीक ग्रब स्क्रू (डोकं नसलेला) सुटत नाही. षटकोन गोल झालाय.

उत्तर : १/१६ इंचाच्या षटकोनात दीड मिलिमीटरची की घातली असणार. जवळजवळ बसते आणि कोपरे खाते. प्लंजर रायझरमधून काढा, व्हाइसमध्ये दोन लाकडांत हलका धरा. षटकोनापेक्षा किंचित मोठा टॉर्क्स (सहा टोकांच्या ताऱ्यासारखा) बिट घ्या आणि छोट्या हातोडीने आत ठोकून बसवा. त्याचे कंगोरे नव्या कडा कोरून घेतात. आधी हेअर ड्रायरने तापवा, कारण या स्क्रूला कारखान्यातून थ्रेडलॉकर लावलेलं असू शकतं. प्लंजरच्या आतली स्प्रिंग आणि टोक मात्र तापवण्याआधी बाहेर काढून ठेवा, टोक प्लास्टिकचं असलं तर वाकेल. बिट सरळ धरून एकाच सावकाश जोराने फिरवा, झटके नकोत. निघाला की तो फेका आणि नवा घेताना बरोबर त्याच्या मापाची नवी कीही घ्या. जुन्या कीचं टोक भिंगाखाली बघा, तेही गोल झालेलं असेल. तेवढं टोक ग्राइंडरवर मिलिमीटरभर घासून सपाट केलंत तर की पुन्हा वापरता येते. घासताना मधूनमधून पाण्यात बुडवा, निळी पडू देऊ नका.